वजाबाकी बरोबर, तरी विमान चुकलं : लेओव्हरचं गणित



आठवीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर एक उदाहरण लिहितो. 'एक विमान सकाळी ०५:४० वाजता फ्रँकफर्टला पोहोचतं. पुढचं विमान तिथूनच ०७:१५ वाजता सुटतं. तर प्रवाशाकडे किती वेळ आहे?' मुलं भराभर वजाबाकी करतात. १ तास ३५ मिनिटं. अगदी बरोबर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही तिथेच बरोबरची खूण करून पुढच्या उदाहरणाकडे वळायचो.

आता वळत नाही. कारण हीच वजाबाकी मी माझ्या सख्ख्या बहिणीसाठी केली होती आणि ती चांगलीच महागात पडली.

ताई आणि भावोजी दोघंही साठीच्या पुढचे, राहणार नाशिक. भाची अमेरिकेत, तिचे दिवस भरत आलेले. बाळंतपणासाठी दोघं निघाले, विमानप्रवास आयुष्यात पहिलाच. मुंबईपासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या विमानतळापर्यंत एक तिकीट. तिथून भाचीच्या गावापर्यंत दुसऱ्याच कंपनीचं वेगळं तिकीट, कारण तसं केल्यावर माणशी आठ-नऊ हजार वाचत होते. मध्ये वेळ होता २ तास २० मिनिटं. ताईने मला फोन करून विचारलं, "पुरेल ना रे एवढा वेळ?" मी म्हणालो, "अगं, तेवढ्यात तू नाशिकहून सिन्नरला जाऊन परत येशील!"

पहिलं विमान फक्त २५ मिनिटं उशिरा पोहोचलं. राहिले ११५. विमानातून बाहेर यायला २० गेली. इमिग्रेशनच्या रांगेत तासाभराहून जास्त. मग पट्ट्यावरून चार बॅगा उतरवायच्या, आणि दुसऱ्या कंपनीचा काउंटर दुसऱ्या टर्मिनलला. तिथे पोहोचेपर्यंत सामान घेणं केव्हाच बंद झालं होतं. विमान अजून जागेवर उभं होतं, पण त्याचा उपयोग काय? तिकीट वाया गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळची नवी तिकिटं काढली, ती वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट. रात्रभर दोघं खुर्चीवर बसून, आणि नवव्या महिन्यातली भाची तिकडे फोन हातात धरून रडतेय. नंतर ताई मला एवढंच म्हणाली, "तू गणिताचा मास्तर ना रे?"

म्हणून आजचा हा पाठ. सुट्टीत परदेशी जाणारी कुटुंबं आता आपल्या शाळांतही आहेत, आणि मुलांकडे जाणारे आईवडील तर गावोगाव आहेत. ही तिकिटं बहुतेक वेळा घरातली शिकलेली तरुण मंडळी मोबाईलवर काढतात आणि प्रवास मात्र दुसऱ्याच कुणाला करायचा असतो. हे विसरू नका.

ऊस दोन्हीकडून तोडायचा

मुलांना मी आता असं सांगतो. तिकिटावरचा लेओव्हर म्हणजे शेतातून आणलेला अख्खा ऊस. त्याचा शेंडा खायला मिळत नाही आणि मुळाकडचा भागही नाही. मधलं कांडं तेवढं आपलं.

फळ्यावरचंच उदाहरण घेऊ. ०५:४० ही वेळ चाकं जमिनीला टेकण्याची नसते. विमान ठरल्या जागी येऊन उभं राहतं, ती ही वेळ. दार उघडतं त्यानंतर. आणि आपली रांग अडतिसावी असेल तर पुढच्या सगळ्यांनी वरच्या कप्प्यातून बॅगा काढेपर्यंत आपण उभेच. हे मुलांना पटत नाही. म्हणून मी एक प्रयोग करतो, तो तुम्हीही जरूर करा. वर्गातल्या सगळ्या मुलांना दप्तर पाठीवर घेऊन एकाच दारातून ओळीने बाहेर पडायला सांगा आणि घड्याळ लावा. आमच्या ४४ मुलांना ११० सेकंद लागले, म्हणजे एका मुलाला अडीच सेकंद. आता त्रैराशिक मांडा : ३०० प्रवासी असतील तर? ७५० सेकंद, साडेबारा मिनिटं. आणि आमच्या मुलांना डोक्यावरच्या कप्प्यातून बॅग काढायची नव्हती, कुणाच्या मांडीवर तान्हं बाळही नव्हतं. विमान दूर मैदानात उभं केलं आणि बसने टर्मिनलला न्यायचं ठरलं, तर आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. शेंड्याकडची २० मिनिटं अशी गेली.

मग दुसरं टोक. ०७:१५ ही विमान हलण्याची वेळ. गेट त्याच्या १५ ते २० मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे आपली खरी मुदत ०६:५५. आपल्याकडे एसटी मागे घेताना कंडक्टरला हात केला तर तो थांबतो. विमानाच्या बाबतीत बंद झालेलं गेट उघडत नाही, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं.

९५ मधून २० आणि २० गेली, राहिली ५५. फ्रँकफर्टला एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत १५-२० मिनिटं सहज चालावं लागतं आणि टर्मिनल बदलायचं असेल तर छोटी रेल्वे पकडावी लागते. पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग असली तर आणखी २० मिनिटं. हाती उरली १५, तीही पहिलं विमान अगदी वेळेवर आलं तर. ही १५ मिनिटं म्हणजे आपला सगळा शिल्लक पैसा, आणि विमान वीस मिनिटं उशिरा येणं ही काही अचंबा वाटावा अशी गोष्ट नाही.

पालक इथे एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, कंपनीनेच असं तिकीट विकलं, म्हणजे तेवढा वेळ पुरत असणारच ना?" प्रश्न योग्य आहे. प्रत्येक विमानतळासाठी एक किमान वेळ ठरलेली असते आणि त्याहून कमी अंतराची दोन विमानं कंपन्यांची यंत्रणा एका तिकिटात जोडत नाही. फ्रँकफर्टसाठी ती साधारण ४५ मिनिटं आहे. पण किमान म्हणजे काय, हे आपण शिक्षकांनी तरी ओळखायला हवं. दहावीला ३५ गुणांना पास करतात. म्हणून आपण कुणाच्या मुलाला ३५ गुणांचं उद्दिष्ट देतो का? किमान वेळ असते ती विमान वेळेवर आलं, प्रवासी भरभर चालणारा निघाला आणि पाट्या वाचता आल्या तर पुरणारी.

घड्याळ कुठल्या गावाचं?

आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ येते. एका रेखांशाला ४ मिनिटं, १५ रेखांशांना १ तास, भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्वेवरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुलं हे पाठ करतात आणि मग लेओव्हरच्या उदाहरणात उगाचच साडेतीन-साडेचार तास मिळवत-वजा करत बसतात. गंमत अशी की लेओव्हर काढताना प्रमाणवेळेचं काही करावंच लागत नाही! उतरण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ दोन्ही त्याच गावच्या घड्याळाची. सरळ वजाबाकी. विमान हवेत किती तास होतं हे काढायचं असेल तेव्हाच प्रमाणवेळ लागते.

प्रमाणवेळ नडते ती मनगटावरच्या घड्याळात. समजा कुणी मुंबईहून सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघालंय. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. घड्याळ भारतीय वेळेवरच राहिलं तर तिथे साडेसात वाजलेले असताना मनगटावर पाच दिसतात आणि माणूस निवांत चहा पीत बसतो. दुबईला उलटं. दुबई आपल्या दीड तास मागे, त्यामुळे तिथे आपलं घड्याळ पुढे असतं. उगाच धावपळ होते, पण विमान चुकत नाही. युरोप-अमेरिकेत तर उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून फ्रँकफर्ट आणि आपल्यात कधी साडेचार तासांचा फरक, कधी साडेतीन. मी घरच्यांना सांगून ठेवलंय : उतरल्यावर घड्याळ बघायचंच नाही, भिंतीवरच्या फलकावरची वेळ बघायची.

तारखेचा घोळ याहून वाईट. मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००:३५' असेल तर विमानतळावर जायचं १४ तारखेच्या रात्री. पंधराच्या संध्याकाळी निरोप समारंभ ठेवून बसलेलं कुटुंब मी पाहिलंय. ००:३५ म्हणजे नेमकं कधी, हा एका मार्काचा प्रश्न चाचणीत घालायला काहीच हरकत नाही.

एक तिकीट की दोन

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी चूक इथेच झाली होती. वजाबाकी नंतरची गोष्ट.

मुंबईपासून शेवटच्या गावापर्यंत सगळी विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआर क्रमांकाखाली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकल्यावर पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम. युरोपीय संघाच्या देशातून सुटणारं विमान असेल तर २००४ च्या नियमाप्रमाणे, शेवटच्या मुक्कामाला तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीचा असला, तर अंतरानुसार ६०० युरोपर्यंत भरपाईही मागता येते. वादळ किंवा तसंच काही कारण असेल तर मात्र पैसे नाहीत, पण पुढे पोहोचवण्याची जबाबदारी राहतेच.

दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काहीही देणंघेणं नसतं. तिच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. त्यातून परतीचा प्रवास त्याच तिकिटात असेल तर जाताना गैरहजर राहिल्यामुळे येतानाचं आरक्षणही सहसा रद्द होतं. हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

मग सामान. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला जी पट्टी चिकटवतात, तिच्यावर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरं छापलेली असतात. तिथेच वाचा आणि विचारा. वेगळ्या तिकिटांत बॅग बहुधा मधल्या गावापर्यंतच जाते. म्हणजे तिथे इमिग्रेशन ओलांडून बाहेर या, बॅग घ्या, नव्याने चेक-इन करा. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. आणि आंतरराष्ट्रीय चेक-इन बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतं. ऊस मुळाकडून वीस मिनिटांऐवजी साठ मिनिटं तोडला गेला, बघा.

अमेरिकेचा नियम तर सगळ्यांनाच लागू. एक तिकीट असो की दोन, अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा घ्यायच्या, कस्टममधून बाहेर यायचं, बॅगा पुन्हा द्यायच्या आणि सुरक्षा तपासणी पुन्हा. अमेरिकेतून फक्त पुढे मेक्सिकोला जायचं असलं तरीही अमेरिकेचा व्हिसा हवाच. अपवाद आहे तो अबू धाबी आणि डब्लिनसारख्या काही विमानतळांचा. तिथे अमेरिकेचे अधिकारी विमानात बसण्याआधीच तपासणी करतात, मग अमेरिकेत उतरताना देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. रांग टळत नाही, फक्त जागा बदलते. तेव्हा वेळ अबू धाबीला जास्त ठेवावा.

युरोपातही असंच एक वळण आहे. फ्रँकफर्टला विमान बदलून पॅरिसला जायचं असेल तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टलाच, कारण शेंगेन देशांत आपला प्रवेश तिथे होतो. म्हणजे टोरांटोला जाणाऱ्याला जी रांग लागत नाही ती पॅरिसला जाणाऱ्याला लागते, विमानतळ तोच असून.

परत येताना आपला देशही साधारणपणे हाच नियम लावतो. लंडनहून मुंबईमार्गे नागपूरला यायचं तर इमिग्रेशन आणि कस्टम मुंबईला, बॅगा तिथे घेऊन पुन्हा द्यायच्या. देशांतर्गत विमान टर्मिनल १ वरून असेल तर सहारहून सांताक्रूझकडे रस्त्याने जायचं, आणि मुंबईचा रस्ता कसा असतो ते मी सांगायला नको. दिल्लीमार्गे येत असाल तर डिसेंबर-जानेवारीचं धुकं हिशोबात घ्या. पहाटेची विमानं तासन्‌तास उशिरा उतरतात.

एकाच शहरात दोन विमानतळ

हा मुद्दा आता आपल्या घरचा झालाय. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि नेवार्क, हे आपण ऐकून होतो. गोव्यात २०२३ पासून दाबोळी आणि मोपा झालं. आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली. मोबाईलवर 'मुंबई' असं टाकलं की दोन्ही विमानतळ दाखवले जातात. नागपूरहून स्वस्त तिकीट नवी मुंबईचं मिळालं आणि अमेरिकेचं विमान सहारहून असलं, तर मध्ये ३५-४० किलोमीटरचा रस्ता आहे. तीन अक्षरांचा कोड वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मग ठेवायचा तरी किती?

माझा हिशोब सांगतो, तुम्ही तुमच्या माणसाकडे पाहून बदला. एकच तिकीट, मध्ये इमिग्रेशन नाही, प्रवासी तरुण : दोन तास. तेच आईवडील पहिल्यांदा जात असतील तर तीन. अमेरिकेत पहिल्यांदा उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर तरुणांनाही तीन, वडीलधाऱ्यांना चार. दोन वेगळी तिकिटं असतील तर सहा तासांखाली मी हो म्हणत नाही. शक्यतो मध्ये एक रात्र मुक्कामच ठेवा, नाहीतर ते आठ-नऊ हजार खर्च करून एक तिकीट घ्या.

आणखी एक गोष्ट तासांइतकीच पाहायची. हे विमान चुकलं तर पुढचं केव्हा? त्या मार्गावर दिवसाला चार विमानं असतील तर दीड तासाचा धोकाही एखादवेळ चालेल. पण आपलं विमान त्या दिवसातलं शेवटचं असेल, तर अडीच तासही मला कमी वाटतात.

व्हीलचेअरबद्दल थोडं. भाषा येत नाही, पाट्या समजत नाहीत, म्हणून आपल्याकडचे बरेच आईवडील व्हीलचेअरची मदत मागतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी तर मागावीच. निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. रांगेत तिचा फायदा होतो. पण विमानातून उतरवताना व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, आणि मदतनीस येईपर्यंत दाराशी थांबावं लागतं. म्हणजे वेळ वाचेल म्हणून लेओव्हर कमी ठेवला तर फसायला होतं. उलट अर्धा तास वाढवा.

फार लांब लेओव्हरही नको, हेही खरं. बारा-चौदा तास खुर्चीत बसून पाय सुजतात, औषधांच्या वेळा चुकतात. गोळ्या, चष्मा, मुलांचे फोन नंबर लिहिलेला कागद आणि जाड स्वेटर हातातल्याच पिशवीत. साजूक तुपाचा डबा मात्र हातातल्या पिशवीत नको. शंभर मिलिलिटरहून जास्तीचा द्रव मधल्या सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि त्या वादावादीत दहा मिनिटं जातात. आमच्या ताईचा अनुभव!

ताई यंदा पुन्हा गेली, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला. या वेळी तिकीट एकच, मध्ये साडेचार तास. ते काढण्याआधी तिने मला फोन केला नाही, भाचीला केला.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबतो. पाहिजे तर पालकसभेतही द्या. एका कुटुंबातले आजी-आजोबा नागपूरहून २०:४० वाजता नवी मुंबईला उतरतात. त्यांचं परदेशी विमान सहारहून ००:३५ वाजता आहे, तिकीट वेगळं. बॅगा मिळायला ३५ मिनिटं, रस्त्याला दीड तास, आणि चेक-इन उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद. (१) दोन विमानांमध्ये किती वेळ आहे? (२) काउंटर बंद होण्याआधी त्यांच्या हाती प्रत्यक्षात किती मिनिटं उरतात? (३) परदेशाच्या तिकिटावर १५ तारीख असेल तर नागपूरचं तिकीट कोणत्या तारखेचं हवं? (४) नागपूरचं विमान ४० मिनिटं उशिरा उतरलं तर काय होईल? (५) तुम्ही हे तिकीट काढाल का? कारण लिहा. पाचव्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त गुण ठेवलेत.